सातपूरच्या कारखान्यातला आयडीई डिस्कचा पीसी: नवे कर्नल घातले की रूट सापडत नाही

सातपूरकर (धागाकर्ता)

नमस्कार. सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या लहानशा कारखान्यात, तपासणी विभागाच्या टेबलावर, पेंटियम ४ चा एक असेंबल्ड पीसी आहे. मापन यंत्राकडून सिरियल पोर्टवर येणारे आकडे नोंदवायचे आणि पाळी संपली की त्यांचा तक्ता छापायचा, एवढेच त्याचे काम आहे आणि ते तो बिनतक्रार करतो. मदरबोर्ड इंटेल ८४५ चिपसेटचा असून साउथब्रिज (डिस्क वगैरे जोडणारी चिप) आयसीएच४ आहे. डिस्क ४० जीबीची, पट्टी केबलने जोडलेली, म्हणजे जुन्या भाषेत आयडीई. वर डेबियन लिनक्स आहे, पण कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हाताने बांधलेले ४.१९ आहे. इनिटरामएफएस, म्हणजे बूट होताना मेमरीत येणारी तात्पुरती फाइलसिस्टिम, वापरलेले नाही आणि कॉन्फिग फाइल, म्हणजे कर्नलच्या पर्यायांची यादी, आधीच्या आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर तशीच चालत आलेली आहे.

आता या नोंदी नेटवर्कवरून थेट सर्व्हरवर पाठवायच्या आहेत. ४.१९ ची देखभाल डिसेंबर २०२४ मध्ये थांबल्यामुळे ते कर्नल घेऊन नेटवर्कवर जाणे मला पटत नाही. म्हणून जुनी कॉन्फिग फाइल ६.१ च्या सोर्समध्ये ठेवून 'मेक ओल्डकॉन्फिग' चालवले, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली आणि कर्नल विनातक्रार कंपाइल झाले. बूट करताना मात्र 'कर्नल पॅनिक, व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)' असे म्हणून थांबते, म्हणजे रूट ही मुख्य फाइलसिस्टिम त्याला सापडत नाही. जुने कर्नल ग्रबमधून, म्हणजे बूटच्या मेन्यूतून, निवडले की सर्व सुरळीत चालू होते, त्यामुळे डिस्क बिघडलेली नाही हे नक्की. ग्रबमधल्या ओळीत 'रूट=/डेव्ह/एचडीए१' असे आहे. एलएसपीसीआय ही आज्ञा '८२८०१डीबी आयसीएच४ आयडीई कंट्रोलर, ८०८६:२४सीबी' असे दाखवते. नव्या कर्नलमध्ये आयडीईचा पर्याय मेन्यूत कुठेच दिसत नाही, तो कुठे गेला असावा?

गोदाकाठ

तो पर्याय हलवलेला नाही, काढून टाकलेला आहे. लिनक्समध्ये पॅरलल, म्हणजे पट्टी केबलच्या, डिस्कसाठी बराच काळ दोन स्वतंत्र व्यवस्था शेजारी शेजारी नांदत होत्या. पहिली जुनी आयडीई व्यवस्था, जी डिस्कला 'एचडीए', 'एचडीबी' अशी नावे देत असे. दुसरी लिबएटीए, जी मुळात साटासाठी, म्हणजे नव्या सिरियल डिस्कसाठी, जेफ गार्झिक यांनी लिहिली आणि २००६ च्या अखेरीस आलेल्या २.६.१९ या कर्नलपासून तिच्यात पॅरलल कंट्रोलरचेही ड्रायव्हर आले. त्यातले बरेचसे ॲलन कॉक्स यांच्या हातचे आहेत. लिबएटीए डिस्कला स्कझी (कर्नलमधली डिस्क हाताळणारी आणखी एक व्यवस्था) थराच्या मागे उभी करते, म्हणून तुमची 'एचडीए' तिथे 'एसडीए' होते. पुढे २०२१ साली ५.१४ मध्ये जुनी आयडीई व्यवस्था संपूर्ण वगळण्यात आली. तुमच्या जुन्या फाइलमधला 'कॉन्फिग_आयडीई' हा पर्याय ६.१ ला ठाऊकच नाही.

यातला खरा सापळा ओल्डकॉन्फिगच्या वागण्यात आहे. नवा पर्याय आला की ते विचारते, पण नाहीसा झालेला पर्याय ते मुकाट्याने गाळते. बरे, 'कॉन्फिग_एटीए' हा काही नवा पर्याय नाही. तुमच्या फाइलमध्ये तो वर्षानुवर्षे 'नॉट सेट' म्हणून नोंदलेला असणार, त्यामुळे त्याबद्दलही प्रश्न येत नाही. परिणामी जुना ड्रायव्हर गेला, नवा आला नाही आणि कंपायलरला तक्रार करण्याजोगे काहीच उरले नाही. पुढच्या वेळी सोर्सच्या 'स्क्रिप्ट्स' फोल्डरमधला 'डिफकॉन्फिग' जुन्या आणि नव्या फाइलवर चालवून पाहा. गळालेले पर्याय तो उणे चिन्ह लावून समोर ठेवतो.

आता जुळणी. 'डिव्हाइस ड्रायव्हर्स' मध्ये 'सिरियल एटीए अँड पॅरलल एटीए ड्रायव्हर्स' हा विभाग चालू करा. त्याच्या पोटात 'एटीए एसएफएफ सपोर्ट' आणि त्याच्या आत 'एटीए बीएमडीएमए सपोर्ट' हवा, कारण तुमच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर त्या दोघांच्या खाली दडलेला आहे. त्याचे नाव 'एटीए_पीआयआयएक्स' असून तो पीआयआयएक्स३ पासून आयसीएच मालिकेपर्यंत इंटेलचे बहुतेक जुने कंट्रोलर सांभाळतो. नावात पाटा (पॅरलल एटीए) नाही म्हणून अनेक जण त्याला साटाचा समजून पुढे जातात. व्हीआयएचा कंट्रोलर असता तर 'पाटा_व्हीआयए', एसआयएसचा असता तर 'पाटा_एसआयएस' निवडावा लागला असता.

एवढ्याने भागत नाही. एटीए चालू केले की स्कझीचा गाभा आपोआप येतो, पण 'स्कझी डिस्क सपोर्ट' आपण स्वतः निवडावा लागतो. तो नसेल तर कंट्रोलर सापडतो, डिस्कचे नावगाव पडद्यावर येते आणि तरीही 'एसडीए' तयार होत नाही, मग माणूस केबलला दोष देत बसतो. तुमच्याकडे इनिटरामएफएस नसल्यामुळे हे सगळे आणि रूटची फाइलसिस्टिम, म्हणजे बहुधा ईएक्सटी४, मोड्यूल, म्हणजे नंतर डिस्कवरून चढवायचा सुटा भाग, म्हणून न ठेवता कर्नलमध्येच बांधलेले हवे. मोड्यूल डिस्कवर आणि डिस्क वाचायला मोड्यूल हवे, हा तिढा इनिटरामएफएसशिवाय सुटत नाही.

पॅनिकच्या कंसातले आकडेही वाचायला शिकावेत असे मला वाटते. (०,०) म्हणजे कर्नलला रूट नावाचे उपकरणच मिळाले नाही, तेव्हा चूक ड्रायव्हरमध्ये किंवा ग्रबमधल्या नावात असते. (८,१) असे दिसले असते तर डिस्क मिळाली, पण तिच्यावरची फाइलसिस्टिम कळली नाही, असा अर्थ झाला असता.

अंबड_मेंटेनन्स

गोदाकाठ यांचे सर्व म्हणणे मान्य करूनही एक वेगळा विचार मांडतो. चालू उत्पादनातल्या यंत्राला हात लावायचाच असेल तर कमीत कमी लावावा, हे आमच्या देखभाल विभागाचे धोरण आहे. ५.१० मध्ये जुनी आयडीई व्यवस्था शाबूत आहे आणि ते दीर्घ देखभालीचे कर्नल आहे. तेच घेतले तर कॉन्फिग फाइल, ग्रब, एफएसटॅब (कोणता विभाग कुठे जोडायचा ती फाइल), कुठल्याच ओळीला धक्का लागत नाही. नोंदणीच्या प्रोग्रॅममध्ये कोणी 'एचडीए' कायमचे लिहून ठेवले असेल तर तेही चालत राहील.

नाशिकरोडकर

मी यात दोन्ही बाजूंशी थोडी असहमत आहे. ५.१० वर थांबल्याने प्रश्न फक्त पुढे ढकलला जातो, कारण जुन्या आयडीई व्यवस्थेकडे ती वगळण्याच्या कितीतरी आधीपासून कोणी गंभीरपणे लक्ष देत नव्हते. उलट एकाच उडीत ४.१९ वरून ६.१ वर जाणे आणि त्याच वेळी डिस्कची व्यवस्थाही बदलणे यात काही बिघडले तर नेमके कशाने बिघडले हे शोधणे अवघड होते. सातपूरकर, तुम्ही आधी ४.१९ मध्येच बदल करा. त्यात लिबएटीए आहेच. जुने आयडीई पूर्ण बंद करून एटीए, एटीए_पीआयआयएक्स आणि स्कझी डिस्क बांधून घ्या. दोन्ही व्यवस्था एकाच वेळी बांधू नयेत, कारण जी आधी कंट्रोलरचा ताबा घेईल तिच्यावर डिस्कचे नाव ठरते. हे कर्नल वेगळ्या नावाने ग्रबमध्ये जोडा आणि चालू कर्नलची नोंद तशीच राहू द्या. डिस्क 'एसडीए' म्हणून नीट चालली की मग तीच कॉन्फिग ६.१ मध्ये न्या.

नावांच्या बाबतीत 'एचडीए१' च्या जागी 'एसडीए१' लिहून मोकळे होऊ नका, कारण यूएसबी डिस्क लावून बूट केले तर क्रम बदलू शकतो. एफएसटॅबमध्ये यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टिमचा स्वतंत्र ओळखक्रमांक, लिहा. ग्रबच्या ओळीत मात्र 'रूट=यूयूआयडी' इनिटरामएफएसशिवाय चालत नाही, कारण फाइलसिस्टिमचा यूयूआयडी वाचणे कर्नल स्वतः करत नाही. तिथे 'रूट=पार्टयूयूआयडी', म्हणजे विभागाचा ओळखक्रमांक, वापरता येते. विभागांच्या तक्त्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर तो म्हणजे डिस्कची आठ अक्षरी सही, आडवी रेघ आणि विभागाचा दोन अंकी क्रमांक असतो, आणि बीएलकेआयडी ही आज्ञा तो दाखवते. स्वॅपची (मेमरी कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेची) ओळ विसरू नका. ती चुकली तर पीसी बूट होतो, पण स्वॅपविना चालतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

आणि हे कंपाइल त्या पेंटियमवर करत बसू नका. घरच्या चौसष्ट बिटी संगणकावर 'आर्च=आय३८६' (बत्तीस बिटी) देऊन बांधा आणि तयार कर्नल तिकडे न्या.

अंबड_मेंटेनन्स

पायरी पायरीने जाण्याचा मार्ग मला मान्य आहे. पाळी चालू असताना करू नये, एवढेच.

सातपूरकर

सर्वांचे आभार. रविवारी कारखाना बंद असताना नाशिकरोडकर ताईंनी सांगितल्याप्रमाणे केले. आधी ४.१९ मध्ये लिबएटीएवर आलो, नोंदणीचा प्रोग्रॅम चालवून पाहिला आणि मग ६.१ वर गेलो. रूट मिळाले, ७८१६५३६० सेक्टर असलेली डिस्क 'एसडीए' म्हणून उभी राहिली. डिफकॉन्फिगमध्ये 'उणे आयडीई' ही ओळ अगदी ठळक दिसली.

मात्र दोन गोष्टी राहिल्या आहेत. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, 'एटीए१.००: लिमिटेड टू यूडीएमए/३३ ड्यू टू ४०-वायर केबल' असे येते आणि मोठी फाइल कॉपी करताना वेग खरोखरच पूर्वीपेक्षा कमी वाटतो. दुसरे असे की, सुरू होताना चालणाऱ्या एका जुन्या स्क्रिप्टमध्ये 'एचडीपार्म -डी१' ही ओळ आहे, ती आता चूक दाखवते. डीएमए, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता डिस्क आणि मेमरी यांच्यात थेट देवाणघेवाण, बंद पडला आहे का?

गोदाकाठ

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: ती ओळ काढून टाका. डीएमए चालू-बंद करण्याची ती वाट जुन्या आयडीई व्यवस्थेची होती. लिबएटीए डीएमएची पद्धत स्वतः ठरवते आणि ती आज्ञा नाकारते. 'कॉन्फिगर्ड फॉर यूडीएमए' अशी ओळ दिसत असेल तर डीएमए चालूच आहे.

केबलबद्दल थोडे सविस्तर लिहितो. यूडीएमएचा, म्हणजे वेगवान डीएमएचा, वेग सेकंदाला ३३ एमबीच्या पुढे न्यायचा, म्हणजे ६६, १०० किंवा १३३, तर ८० तारांची केबल लागते. कनेक्टर दोन्ही प्रकारांत चाळीस पिनांचाच असतो. वाढलेल्या चाळीस तारा जमिनीला (विजेच्या ग्राउंडला) जोडलेल्या असून त्या प्रत्येक दोन सिग्नल तारांच्या मध्ये येऊन एकीचा गोंगाट दुसरीत जाऊ देत नाहीत. केबल हातात घेऊन पाहिलीत की फरक लगेच कळतो. चाळीस तारांच्या पट्टीत प्रत्येक तार नखाने मोजता येते, तर ऐंशी तारांची पट्टी कापडासारखी बारीक रेघांची दिसते. तिचे कनेक्टर बहुधा रंगीत असतात: निळा मदरबोर्डकडे, काळा टोकाच्या मास्टर डिस्कला आणि मधला करडा स्लेव्हला. निळे टोक उलट डिस्ककडे लावले तर केबल ऐंशी तारांची असूनही ओळख चुकते, कारण ओळख पटवणारी ३४ क्रमांकाची पिन फक्त निळ्या कनेक्टरमध्ये जमिनीला जोडलेली असते. तेव्हा नवी केबल आणण्याआधी आहे ती कोणत्या दिशेने लावली आहे ते पाहा. लाल कडा नेहमीप्रमाणे एक नंबर पिनेकडे, बहुतेक डिस्कवर वीजपुरवठ्याच्या सॉकेटच्या बाजूला.

आणखी एक शक्यता आहे. इंटेलच्या या कंट्रोलरमध्ये केबल कोणती हे बायोस तपासून एका रजिस्टरमध्ये लिहून ठेवते आणि ड्रायव्हर तेच वाचतो. बायोसने चुकीचे लिहिले असेल तर ड्रायव्हरला खरे कळायला मार्ग नाही. अशा वेळी, केबल ऐंशी तारांची आहे याची डोळ्यांनी खात्री केल्यानंतरच, ग्रबमध्ये 'लिबएटीए.फोर्स=८०सी' लिहिता येते. चाळीस तारांच्या केबलवर हे लिहिलेत तर वाढीव वेगाऐवजी सीआरसीच्या (माहिती नीट पोचली का या तपासणीच्या) चुका आणि पोर्टचे वारंवार रीसेट पदरात पडतील.

जुना_छापखाना

धाग्याच्या विषयाला धरूनच विचारतो. आमच्या भद्रकालीतल्या जुन्या छापखान्याची एक आयडीई डिस्क कपाटात पडून आहे. तिच्यावर विंडोज ९८ होते आणि लग्नपत्रिकांचे, पावतीपुस्तकांचे सारे नमुने श्रीलिपीत केलेले आहेत. बाजारातून आयडीई ते यूएसबी अडॅप्टर आणला, पण एका मित्राने स्वतः बांधलेल्या कर्नलवर लावला तर डिस्क दिसते आणि माउंट होत नाही. यासाठीही पाटाचे ड्रायव्हर घालावे लागतील का?

नाशिकरोडकर

नाही. अडॅप्टर लावला की कर्नलच्या दृष्टीने ती यूएसबी डिस्क होते. तिथे 'यूएसबी मास स्टोरेज' आणि स्कझी डिस्क एवढेच लागते, पाटाच्या विभागाशी संबंधच उरत नाही. केवळ डेटा काढायचा असेल तर कर्नल बांधत बसणे हा फुकटचा उपद्व्याप आहे, कोणत्याही तयार डिस्ट्रोचे लाइव्ह यूएसबी घ्या. तुमच्या मित्राच्या कर्नलचे डीमेसेज पाहा. तिथे 'कोडपेज सीपी४३७ नॉट फाउंड' असे असेल, असा माझा अंदाज आहे. फॅट३२ साठी व्हीफॅटबरोबर 'एनएलएस कोडपेज ४३७' आणि 'एनएलएस आयएसओ ८८५९-१' लागतात, आणि कर्नल बारीक करण्याच्या नादात लोक आधी हेच गाळतात.

डिस्क दिसलीच नाही तर जंपर तपासा. अशा अडॅप्टरला डिस्क मास्टर असलेली चालते. काही कंपन्यांच्या डिस्कवर 'सिंगल' ही वेगळी मांडणी असते आणि तिच्यासाठी जंपर काढून ठेवावा लागतो. आकृती डिस्कच्या लेबलवरच छापलेली असते.

कपाटात पडून असलेल्या डिस्कबद्दल एक आग्रहाची विनंती. ती माउंट करून फायली उघडत बसण्याआधी डीडीरेस्क्यूने तिची पूर्ण प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर काढा. पहिल्या फेरीत '-एन' देऊन सहज वाचता येणारा भाग उचला, मॅप फाइल (काय वाचून झाले त्याची नोंद) ठेवा आणि मग '-आर३' देऊन उरलेल्या जागांकडे वळा. त्याआधी 'ब्लॉकडेव्ह --सेटआरओ' ने डिस्क केवळ वाचण्यापुरती ठेवा. पुढची सारी खटपट प्रतिमेवर करा. श्रीलिपीच्या फायली युनिकोडच्या नसतात, त्यांचे फाँटही त्याच डिस्कवर असतील, त्यामुळे 'विंडोज' फोल्डरमधल्या 'फाँट्स' सह सर्व घ्या. नुसते 'माय डॉक्युमेंट्स' उचलून आलात तर पत्रिकेवर अगम्य अक्षरे दिसतील.

अंबड_मेंटेनन्स

यात एक भर. जुन्या लिनक्सची डिस्क वाचताना 'फक्त वाचण्यापुरते' माउंट केले तरी ईएक्सटी३ आणि ईएक्सटी४ अपूर्ण जर्नल (बदलांची नोंदवही) पूर्ण करायला जातात, म्हणजे डिस्कवर लिहितात. ते टाळायला 'आरओ' बरोबर 'नोलोड' द्यावे लागते. त्या काळात सुसे लिनक्स वापरणाऱ्यांच्या डिस्कवर रायझरएफएस सापडते. ती फाइलसिस्टिम ६.१३ या कर्नलमधून वगळली आहे, तेव्हा तशा डिस्कसाठी मुद्दाम जुने कर्नल हाताशी ठेवावे. इथे मात्र माझे 'जुनेच ठेवा' हे म्हणणे कोणी खोडणार नाही, अशी आशा आहे.

आमच्याकडे एकदा अशीच दुसरी अडचण आली होती. डिस्कचा शेवटचा काही भाग राखीव करून लपवण्याची एचपीए नावाची सोय असते. जुनी आयडीई व्यवस्था ती मर्यादा उठवून पूर्ण डिस्क दाखवत असे, लिबएटीए मुळात ती पाळते. त्यामुळे लिबएटीएवर आल्यावर डिस्क किंचित लहान दिसू शकते आणि शेवटचा विभाग डिस्कच्या बाहेर गेल्यासारखा वाटतो. नवी कर्नले विभागांचा तक्ता पाहून हे ओळखतात आणि मर्यादा आपोआप उठवतात. तसे झाले नाही तर 'लिबएटीए.इग्नोर_एचपीए=१' द्यावे. सातपूरकरांच्या डिस्कचे सेक्टर पूर्ण ४० जीबीचे भरतात, तेव्हा त्यांना याची गरज नाही.

सातपूरकर

केबल उघडून पाहिली. ती चाळीस तारांचीच निघाली. डीव्हीडी ड्राइव्हसाठी आणलेली केबल कोणीतरी मागे कधीतरी डिस्कला लावली असावी. एम. जी. रोडवरच्या एका दुकानदाराने भंगारात काढलेल्या पीसीतून ऐंशी तारांची केबल काढून दिली. आता 'कॉन्फिगर्ड फॉर यूडीएमए/१००' असे येते.

डीव्हीडी ड्राइव्ह मात्र नव्या कर्नलमध्ये दिसत नाही. शिवाय ही डिस्क किती दिवस साथ देईल याचा भरवसा नसल्याने साटा एसएसडी आणि पाटा अडॅप्टर घेण्याचा विचार आहे. २४० जीबीची घेतली तर १३७ जीबीची ती जुनी मर्यादा आड येईल का?

गोदाकाठ

डीव्हीडीसाठी 'स्कझी सीडीरॉम सपोर्ट' निवडा. 'एचडीसी' च्या जागी ड्राइव्ह 'एसआर०' म्हणून येईल, एफएसटॅबमधली ती ओळही बदला.

१३७ जीबीची मर्यादा २८ बिटी पत्त्यांमुळे आली होती: दोनचा २८ वा घात गुणिले ५१२ बाइट. ४८ बिटी पत्ते लिबएटीएला आणि आयसीएच४ ला चालतात, तेव्हा कर्नल एकदा सुरू झाले की पूर्ण २४० जीबी वापरता येतील. अडचण त्याच्या आधी असते. ग्रब डिस्क वाचतो तो बायोसमार्फत, आणि बायोसला ४८ बिटी पत्ते कळत नसतील तर १३७ जीबीच्या पलीकडे ठेवलेले कर्नल ग्रबला मिळणार नाही. म्हणून डिस्कच्या अगदी सुरुवातीला ५०० एमबीचा 'बूट' विभाग करा, बाकी जागेची चिंता नको. अडॅप्टरवर ऐंशी तारांची केबल असतानाही कधी कधी चाळीस तारांची सूचना येते. तसे झाले तर वर लिहिलेले 'फोर्स=८०सी' द्या, पण काही तास मोठ्या फायली कॉपी करून डीमेसेजमध्ये सीआरसीची चूक येते का ते पाहा. आली तर 'लिबएटीए.फोर्स=यूडीएमए२' वर परत या. तुमच्या मापनाच्या नोंदींना ३३ एमबीचा वेगही भरपूर आहे.